ब्लँकेट वाटपाचा मोसम आणि सेवेचा हेतू

मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

नाताळ जवळ आला की नागपुरातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांमध्ये, ब्लँकेट वाटपाची धांदल उडते. सदर असो, मोहननगर असो की मार्टिननगर, तरुण संघ बॅनर छापायला टाकतो, महिला मंडळ घरोघरी पैसे गोळा करते आणि २५ डिसेंबरच्या आधी तुमच्या टेबलावर फोटोंचा ढीग पडतो. त्यातले काही तुम्ही छापताही. या पत्रात थोडी तक्रार तुमची आहे आणि बरीचशी आमच्याच माणसांची.

सेवेमागचा हेतू शुद्ध हवा, हे आमच्या उपासनेत पुन्हा पुन्हा सांगितले जाते. पण तो तपासायचा कसा, यावर सहसा कोणी बोलत नाही. डोळे मिटून मनाला विचारावे तर मन स्वतःच्याच बाजूने साक्ष देते. त्यापेक्षा वही उघडावी, पिशवीत काय भरले ते पाहावे, वाटपाची तारीख कोणी आणि कशावरून ठरवली ते विचारावे. म्हणून हे पत्र जरा हिशेबनिसाच्या थाटात लिहितो आहे.

ब्लँकेटचेच घ्या. नागपूरच्या रात्री नोव्हेंबरच्या मध्यापासून गार होऊ लागतात, डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली उतरतो. वाटप मात्र २० ते २४ डिसेंबरच्या दरम्यान. म्हणजे थंडीत कुडकुडणाऱ्याने आमच्या सणाची महिनाभर वाट पाहायची. त्याच आठवड्यात इतरही दहा मंडळे निघालेली असतात आणि सगळ्यांची गाडी रेल्वे स्टेशन, मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या फाटकाशीच थांबते. एकेकाला तीन-तीन ब्लँकेट मिळतात, तो दोन विकतो आणि आम्ही म्हणतो, ‘या लोकांना किंमतच नाही.’ अहो, फूटपाथवर झोपणाऱ्याकडे कपाट नसते. तीन ब्लँकेट तो दिवसभर कुठे घेऊन हिंडणार?

याची पद्धत साधी आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन रात्री, दहा वाजल्यानंतर, चौघांनी रिकाम्या हाताने फिरावे. कोण कुठे झोपते, अंगावर काय आहे, सोबत लेकरे किती, हे वहीत टिपावे. स्टेशन सोडून उड्डाणपुलांखाली, बांधकामाच्या साइटवर आणि शहराबाहेरच्या वीटभट्ट्यांवर जावे, कारण तिथे बॅनर लावायला जागा नसते म्हणून कोणी फिरकत नाही. मग मोजणीइतकीच खरेदी करावी, वर दहा टक्के जास्त. दुकानात ब्लँकेट हातात धरून वजन पाहावे. वाटपासाठी म्हणून जो माल दाखवतात तो बहुतेक वेळा किलोभराचाही नसतो. एका धुण्यात त्याचे गोळे होतात आणि मधला भाग जाळीसारखा विरतो. दोन किलोच्या आसपासचे ब्लँकेट महाग पडते. ज्या पैशांत पातळ २०० येतात, त्यांत जाड शंभरसुद्धा येत नाहीत. समिती २०० घेते, कारण बॅनरवर २०० शोभतात. हेतूची परीक्षा त्या काउंटरवरच होऊन जाते, पुढे प्रार्थना कितीही लांबली तरी.

आणि झोपलेल्या माणसाला उठवून, डोळ्यांवर फ्लॅश मारून, ब्लँकेटचे एक टोक त्याच्या हातात आणि दुसरे समितीच्या सहा जणांच्या हातात देणे हा प्रकार बंद व्हायला हवा. देणगीदाराला पुरावा लागतो, हे मान्य. पुरावा म्हणून दुकानाचे बिल, गठ्ठ्यांचा फोटो आणि आवक-वाटप-शिल्लक अशा तीन रकान्यांचे रजिस्टर पुरते. एवढ्यावर समाधान न होणारा देणगीदार मदत देत नसतो, तो जाहिरात विकत घेत असतो. त्याला नम्रपणे नाही म्हणता येते.

उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे बायबलमधल्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायातले वचन आम्ही तोंडपाठ म्हणतो. त्याचा एक चुकीचा उपयोगही होतो, तोही सांगतो. ‘गुप्त दान आहे, हिशेब काय विचारता?’ असे म्हणणारे खजिनदार असतात. ते वचन देणाऱ्याच्या मिरवण्याबद्दल आहे, सामाईक पैसा सांभाळणाऱ्याबद्दल नाही. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा झालेली रक्कम नेताना मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली आणि करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात कारणही लिहिले: या रकमेबाबत कोणी दोष लावू नये, देवापुढे तर चोख असावेच, माणसांपुढेही असावे. आणि एकट्याकडे थैली दिली की काय होते, ते योहानाच्या बाराव्या अध्यायात येशूचा विश्वासघात करणाऱ्या यहूदाच्या निमित्ताने नोंदलेले आहेच. तोही गरिबांचीच नावे घेत होता.

रविवारच्या अर्पणाची मोजणी अशी असावी. उपासना संपल्यावर पिशवी वेदीवरून थेट मोजणीच्या टेबलावर, मधे कोणाच्याही घरी नाही. मोजणारे तीन जण, एकमेकांचे नातेवाईक नसलेले. पाळक (चर्चचे धर्मगुरू) त्यात नाहीत आणि खजिनदारही नाहीत. ५०० च्या किती, २०० च्या किती, १०० च्या किती, सुटे किती, असा नोटांचा तपशील दोन प्रतींत लिहून तिघांच्या सह्या. नाव लिहिलेली पाकिटे वेगळी, त्यांच्या पावत्या त्याच दिवशी. सोमवारी पूर्ण रक्कम बँकेत. ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गडबड बहुतेक वेळा चोरीने सुरू होत नाही. रविवारीच फुलवाल्याचे, मांडववाल्याचे, रिक्षाचे पैसे पिशवीतून दिले जातात आणि उरलेले भरले जातात. चार महिन्यांनी बँकेचा आकडा आणि वहीचा आकडा जुळत नाही, मग प्रामाणिक माणसावरही बोट उठते. खर्च होईल तो बँकेतून काढून, व्हाउचरवर. कामासाठी गोळा केलेल्या पैशातला किती भाग बॅनर, नाश्ता, मांडव आणि पाहुण्यांच्या शालींवर जातो, तेही वेगळे दाखवावे. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांना २०२० च्या कायदादुरुस्तीपासून प्रशासकीय खर्चाची २० टक्क्यांची मर्यादा आहे. स्थानिक वर्गणीला ती लागू नाही. मंडळीने स्वतःहून घालून घ्यायला कोणाची हरकत नसावी.

पाळकांच्या पगाराकडे वळतो. हा विषय निघाला की काही जण रेव्हरंड ना. वा. टिळकांचे उदाहरण देतात. टिळकांनी १९१७ साली मिशनचे काम आणि त्यासोबतचा पगार सोडला, हे खरे. पण तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता. दुसऱ्याने ते उदाहरण पाळकांच्या पगारवाढीच्या अर्जावर शेरा म्हणून वापरणे हा कंजूषपणा आहे. पौलानेही सुवार्ता सांगणाऱ्याला उपजीविकेचा हक्क आहे हे आधी सविस्तर मांडले आणि मग तो हक्क स्वतःपुरता सोडला. पगार अपुरा, तोही कधी पाच तारखेला तर कधी वीस तारखेला, असे झाले की पाळक लग्न, बाप्तिस्मा, अंत्यविधी आणि घरभरणीच्या पाकिटांवर जगू लागतात. मग पाय आपसूक पाकीट जाड असलेल्या घराकडे वळतात. त्यात लबाडी असतेच असे नाही. घरात शाळेची फी भरायची असते. उपाय मंडळीच्या हातात आहे. पगार समितीने वर्षाच्या सुरुवातीला ठरवावा, पाच तारखेच्या आत बँकेत जमा करावा आणि विधींची पाकिटे मंडळीच्या पावतीवर घ्यावीत. एवढे केले की पाळकांच्या हेतूवर कुजबुज करण्याचा आपल्याला अधिकार मिळतो, त्याआधी नाही.

पाळक आणि वडीलजनांसाठी (मंडळीतल्या जबाबदार ज्येष्ठांसाठी) माझ्या मते सगळ्यांत खरी वही म्हणजे घरभेटींची. रकाने चारच: तारीख, घर, किती वेळ, पुन्हा कधी. कुटुंबाच्या अडचणी त्यात लिहायच्या नाहीत, ती वही दहा जणांच्या हातात जाते. तीन महिन्यांनी ती मंडळीच्या नावांच्या यादीशेजारी ठेवून वाचावी. कोणाकडे सहा वेळा गेलो आणि कोणाकडे एकदाही नाही, हे पान उलटताच दिसते. वारंवार आलेल्या घरांत एखादे असे असते जिथे चहासोबत काहीतरी गरम मिळते आणि मुलगा दुबईहून आलेला असतो. न आलेल्या घरांत तिसऱ्या मजल्यावरची, जिना न उतरणारी म्हातारी असते, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारे निवृत्त रेल्वे कर्मचारी असतात आणि मंडळीच्या मागच्या निवडणुकीत विरोधात मत दिलेले कुटुंब असते. पुढच्या तिमाहीची सुरुवात त्या दुसऱ्या यादीपासून करावी.

रुग्णभेटीबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण तिथे चांगल्या मनाची माणसेच जास्त त्रास देतात. दोघांनी जावे, आठ जणांनी नव्हे. भेटीच्या वेळेत जावे. डॉक्टरांचा राउंड सुरू असेल तर बाहेर थांबावे. आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवावेत. खोकला-सर्दी असेल तर जाऊच नये, त्या दिवशी घरी बसणे हीच सेवा. पलंगावर बसू नये, टाके ओढले जातात. आजार काय, हे विचारू नये. सांगितला तर ऐकावा आणि तो पुढच्या रविवारी प्रार्थनेच्या विनंत्यांमध्ये जाहीर करू नये. ‘अमक्यालाही हेच झाले होते’ हे वाक्य तोंडातच ठेवावे, विशेषतः तो अमका वारला असेल तर. प्रार्थना करू का, असे विचारावे आणि ‘आज नको’ हे उत्तर हसून स्वीकारावे. करायची तर दोन मिनिटे, हळू आवाजात. वॉर्डात शेजारी दहा रुग्ण असतात, त्यांनी उपासनेला येण्याचे कबूल केलेले नसते. दहा मिनिटांत उठावे. डोक्याला तेल लावून प्रार्थना करण्याची ज्यांची रीत आहे, त्यांनी आधी नर्सना विचारावे. भेट कोणासाठी होती, हे निघताना कळते. रुग्ण हलका झाला असेल तर त्याच्यासाठी. आपल्यालाच फार छान वाटत असेल आणि तो थकून डोळे मिटत असेल, तर आपल्यासाठी.

मेडिकलमध्ये गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून रुग्ण येतात आणि त्यांचे नातेवाईक दिवसेंदिवस आवारात काढतात. त्यांच्यासाठी खिचडी नेणाऱ्यांना काही सूचना. ५० जणांना तांदूळ ४ किलो, मूगडाळ दीड किलो, पाणी १८ ते २० लिटर, तिखट बेताचे. शिजल्यापासून दोन तासांच्या आत वाटून संपवावी. उन्हाळ्यात बंद डब्यात कोमट राहिलेला भात लवकर नासतो आणि नासका भात वासावरून नेहमी कळतोच असे नाही. अन्न नातेवाइकांना द्यावे. रुग्णाच्या हातात प्लेट ठेवू नये, कारण कोणाचे ऑपरेशन दुपारी असेल आणि त्याला उपाशी ठेवलेले असेल, हे आपल्याला ठाऊक नसते. आठवड्यातून एकदा मोठे पातेले नेण्यापेक्षा लहान पातेले, पण ठरलेल्या तीन वारी, ठरलेल्या वेळी. लोक त्या भरवशावर आपले पैसे औषधांसाठी राखून ठेवतात. न सांगता एक वार चुकवला तर त्या दिवशी ते उपाशी असतात. म्हणून पहिल्या दिवशी शंभर जणांना जेवू घालण्याचा उत्साह असेल, तरी वर्षभर जेवढे झेपेल तेवढेच सुरू करावे.

आता आपल्या बिगरख्रिस्ती वाचकांच्या मनात असलेला प्रश्न. सेवेमागे धर्मांतराचा हेतू आहे का? हा संशय नवा नाही, एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांपासूनचा आहे. संशय घेणाऱ्यांवर चिडून उपयोग नाही. आमच्या पिशवीत काय असते, ते दाखवावे. शिधावाटपाच्या पिशवीत तांदूळ, डाळ, तेल, मीठ असावे. पत्रक किंवा शुभवर्तमानाची प्रत नसावी. लाभार्थींच्या यादीत धर्माचा रकाना नसावा. वाटपाआधी सक्तीची सभा, गाणी, प्रार्थना नसावी, कारण भुकेल्या माणसाचे ‘आमेन’ हे शिध्याला दिलेले असते. कोणाला येशूविषयी खरोखर जाणून घ्यायचे असेल तर तो दुसऱ्या दिवशी, काही वाटप नसताना, येईल. आला नाही तर शिधा फुकट गेला असे ज्याला वाटते, त्याने वाटपाच्या कामातून बाजूला व्हावे. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, म्हणजे वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्याच्या गोष्टीत, जखमी माणसाचा धर्म कोणी विचारत नाही आणि बरा झाल्यावर त्याने काय केले, हेही दाखल्यात नाही. उलट जे विश्वासाचे बोलायचे ते उघड बोलावे, आडून नको. लपवाछपवीने संशय वाढतो आणि उघड बोलणाऱ्याचेही नुकसान होते.

लहान मुलांच्या कामाबाबत दोनच गोष्टी. संडे स्कूल असो की वसतिगृह, मुलांसोबत प्रत्येक वेळी किमान दोन प्रौढ हवेत आणि दार उघडे हवे. अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, ‘मंडळीची बदनामी होईल’ ही सबब चालत नाही. आणि शिष्यवृत्ती दिलेल्या मुलाला नाताळच्या कार्यक्रमात स्टेजवर उभे करून आभार मानायला लावू नये. फी परस्पर शाळेत भरावी. वर्गमित्रांसमोर आपण कोणाच्या पैशावर शिकतो हे कळण्याची शिक्षा त्याला कशासाठी?

नव्या स्वयंसेवकांसाठी एक जुनी रीत अजून चांगली चालते: पहिले तीन महिने माइक नाही, वाटप नाही. सतरंज्या, खुर्च्या, पातेली. टिकला तर पुढचे काम. याचीही एक पळवाट आहे म्हणा. काही जण पातेली अशी घासतात की सगळ्या आवाराला आवाज जावा. मागच्या बाकावर बसण्याचाही एक तोरा असतो. दुसरी कसोटी जबाबदारीत वर्षानुवर्षे असणाऱ्यांसाठी. चार रविवार रजा घ्यावी आणि काम दुसऱ्याकडे सोपवावे. काम नीट चालले म्हणून बरे वाटते की आतून टोचते, ते पाहावे. टोचले म्हणून लगेच राजीनामा देऊ नका, फक्त पुढच्या दोन वर्षांत आपल्या जागी माणूस तयार करा.

मिसळ नसलेला हेतू कोणाचाच नसतो. कौतुक आवडते, आपल्यावाचून अडते ही भावना गोड लागते, काहींना जुन्या अपराधाची भरपाई करायची असते. फिलिप्पैकरांस पत्रात पौल सांगतो की काही जण हेव्याने आणि चढाओढीने ख्रिस्ताची घोषणा करतात, तरी घोषणा होते याचा मला आनंद आहे. त्याने त्यांना थांबवले नाही. त्यामुळे मन निर्मळ होईपर्यंत कोणी ब्लँकेट रोखून धरू नये. देणारा पोकळ असला तरी दोन किलोचे ब्लँकेट उबदारच असते. मात्र आपल्या मिरवण्याची किंमत घेणाऱ्याने मोजू नये, एवढी सोय आधीच करून ठेवता येते. वर लिहिलेले सगळे त्यासाठीच.

फलकांविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. शाळा चालवली, इथले खडक आणि जीवाश्म अभ्यासले, गोंडांची भाषा आणि गाणी टिपली आणि १८६३ मध्ये नदीला आलेल्या पुरात बुडून वारले. त्यांच्या नावाचे कॉलेज १८८३ मध्ये निघाले, म्हणजे त्यांनी ती पाटी पाहिलीच नाही. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्यांनी आपापली जुनी नावे बाजूला ठेवली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्या शहरात आता संयुक्त नाताळ कार्यक्रमाच्या बॅनरवर कोणाचा लोगो किती इंचांचा, यावर दोन-दोन बैठका होतात.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती. या डिसेंबरमध्ये वाटपाचे फोटो आले तर, ते ख्रिस्ती मंडळाचे असोत की इतर कोणाचे, घेणाऱ्याचा चेहरा दिसणारे छापू नका. ती जागा मे महिन्यासाठी राखून ठेवता आली तर पाहा. तेव्हा पारा ४५ च्या घरात असतो आणि मेडिकलच्या आवारातल्या नातेवाइकांना ब्लँकेटइतकीच पाण्याची गरज असते. पाणपोईसाठी माठ सहज मिळतात, उद्घाटनाला पाहुणेही मिळतात. रोज सकाळी सहाला माठ आतून घासून, पाणी गाळून भरायला आणि वाळा बदलायला माणसे मिळत नाहीत. अशा कामांची, वार आणि वेळेसह, एक छोटी चौकट आपण छापलीत तर आमच्या मंडळीतली काही नावे मी स्वतः त्या यादीसाठी गोळा करून देईन.

कळावे,

आपला,
एक वाचक (मंडळीचे हिशेब पाहणारा)
सदर, नागपूर